पेडल मारूनही मोटार साथ देईना : इलेक्ट्रिक सायकलचा दोष कसा शोधावा?

मुंबई-गोवा महामार्गावर खेड आणि चिपळूण यांच्या दरम्यान असलेले लोटे हे गाव तेथील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीमुळे रत्नागिरी जिल्ह्याबाहेरही ओळखले जाते. कारखाने म्हटले की पंप आले, मोटारी आल्या आणि त्यांचे वायंडिंग करणारे कारागीरही आले. सायकल दुरुस्तीचा धंदा तर त्याहून जुना. आजवर या दोन हुन्नरांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नसे. आता या दोघांची गाठ एकाच वस्तूत पडली आहे. ती वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक सायकल.

एका बाजूला भोस्ते घाट, दुसऱ्या बाजूला परशुराम घाट आणि मधला रस्ताही चढउताराचा. अशा मुलखात पाळीवर जाणाऱ्या कामगाराला किंवा पाव-अंडी पोचवणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याला पेडलबरोबर मोटारीचीही साथ मिळाली, तर त्याचा घाम आणि पेट्रोलचा खर्च दोन्ही वाचतात. परंतु ही सायकल बंद पडली की खरी अडचण सुरू होते. सायकलवाला म्हणतो, "हे विजेचे काम आहे." मोटारवाला म्हणतो, "हे सायकलचे काम आहे." शेवटी ती सायकल पुण्या-मुंबईला जाते किंवा पडवीत गंजत पडते. गिऱ्हाईकाचे पैसे अडकतात आणि कारागिराच्या हातचा धंदा जातो.

या सायकलीविषयी नेहमी येणारी तक्रार अशी : दिवा लागतो, बॅटरी भरलेली दिसते, पण पेडल मारले तरी मोटार साथ देत नाही. गिऱ्हाईक सरळ सांगते, "मोटार जळली." वस्तुतः अशा वेळी पुष्कळदा मोटार शाबूत असते. तिला "आता फिर" असा निरोप पोचलेला नसतो, एवढेच. हा निरोप कुठे अडला ते क्रमाने कसे शोधावे, याची माहिती या लेखात देत आहोत. एक साधा मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर, पाने आणि थोडा धीर एवढे साहित्य त्यासाठी पुरेसे आहे.

निरोपाचा मार्ग

पेडलला मोटारीची साथ देणारी सायकल जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ साली प्रथम बाजारात आणली. आज आपल्याकडे मिळणाऱ्या सायकलींची रचना पुष्कळशी साधी असते. तिचे मुख्य भाग पाच : बॅटरी, कंट्रोलर, मोटार, पेडलजवळचा सेन्सर आणि हँडलवरचा डिस्प्ले.

पेडलच्या एक्सलवर एक प्लॅस्टिकची चकती बसवलेली असते. तिच्यात आठ, दहा किंवा बारा छोटी लोहचुंबके असतात. चकतीसमोर फ्रेमला घट्ट बसवलेला सेन्सर असतो. पेडल फिरले की एकेक चुंबक सेन्सरसमोरून जाते आणि प्रत्येक वेळी विजेचा एक ठोका कंट्रोलरकडे जातो. कंट्रोलर त्या ठोक्यांवरून ओळखतो की माणूस पेडल मारीत आहे. मग तो बॅटरीची वीज मोटारीला देतो. ठोके थांबले की मोटारही थांबते.

यावरून ध्यानात येईल की मोटार न फिरण्याची कारणे मोटारीबाहेरही अनेक असू शकतात. म्हणून मोटार उघडणे हे शेवटचे काम आहे, पहिले नव्हे.

आधी बिनखर्चाची तपासणी

पाना हाती घेण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. डिस्प्लेवर साथीची पातळी शून्यावर तर नाही ना? शून्य पातळीवर सर्व दिवे लागतात, पण मोटार साथ देत नाही. मुलांनी बटण दाबल्याने किंवा सायकल धुताना असे होऊ शकते. पातळी एक किंवा दोनवर आणून पाहावी.

२. डिस्प्लेवर एखादा दोषाचा आकडा दिसतो काय? दिसत असल्यास तो लिहून घ्यावा आणि त्या सायकलीच्या पुस्तिकेत पाहावा. एका कंपनीचा आकडा दुसऱ्या कंपनीला लागू होतोच असे नाही.

३. सायकल किती वेगात होती? ताशी २५ किलोमीटरला पोचल्यावर मोटारीने साथ सोडावी, असा नियमच आहे. परशुराम घाटाच्या उतारावर मोटार थांबली तर तो दोष नव्हे.

४. ब्रेकची मूठ पूर्ण परत येते काय? इलेक्ट्रिक सायकलच्या मुठीत एक स्विच असतो. ब्रेक दाबताच तो मोटार बंद करतो. मूठ गंजून किंवा केबल कडक होऊन किंचित दाबलेलीच राहिली, तर कंट्रोलरच्या समजुतीने ब्रेक सतत लागलेला असतो आणि मोटार कधीच सुरू होत नाही.

या चौथ्या कारणाची खात्री करणे सोपे आहे. सायकल बंद करून दोन्ही मुठींच्या बारीक वायरींचे कनेक्टर सोडवावेत आणि सायकल पुन्हा सुरू करून पाहावी. बहुतेक सायकलींत हा स्विच एरवी उघडा असतो व ब्रेक दाबल्यावरच जोडला जातो. त्यामुळे कनेक्टर सोडवल्यावर मोटार चालू लागली, तर दोष मुठीत आहे हे सिद्ध झाले. मूठ साफ करावी, तेल द्यावे किंवा स्विच बदलावा. मात्र काम झाल्यावर कनेक्टर परत जोडायला विसरू नये. घाटात ब्रेक लावताना मोटार पुढे ढकलीत राहिली, तर गिऱ्हाईकाच्या जिवावर बेतेल.

सर्वांत उपयोगी चाचणी

यानंतर चाक जमिनीपासून उचलून सायकल स्टँडवर घ्यावी. हँडलला थ्रॉटल, म्हणजे हाताने मोटार चालवण्याची मूठ किंवा खटका असेल तर तो हलकेच दाबावा. थ्रॉटल नसेल तर पुष्कळ सायकलींत चालत ढकलताना मदत करणारी सोय असते. वजाचे बटण दाबून धरले की मोटार संथ गतीने चाक फिरवते. ती सोय वापरावी.

आता दोनच शक्यता उरतात.

पहिली : थ्रॉटलने चाक फिरते, पण पेडलने फिरत नाही. असे असेल तर बॅटरी, कंट्रोलरचा मुख्य भाग आणि मोटार या तिन्ही महागड्या वस्तू काम देत आहेत. दोष पेडलच्या सेन्सरमध्ये, चकतीत किंवा त्यांच्या वायरीत शोधावा.

दुसरी : थ्रॉटलनेही चाक फिरत नाही किंवा धक्के खात फिरते. असे असेल तर बॅटरी, मुख्य जोडण्या, कंट्रोलर आणि मोटार या क्रमाने पुढे जावे.

ही एक मिनिटाची चाचणी न करता नवा कंट्रोलर किंवा नवी मोटार मागवणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. सेन्सर काही शे रुपयांत मिळतो, मोटार व कंट्रोलर यांना हजारांत पैसे मोजावे लागतात. चुकीचा भाग आणला तर तो भुर्दंड गिऱ्हाईकाला किंवा कारागिराला सोसावा लागतो.

पेडलजवळचा दोष

या भागात सायकल कारागिराचा हात सर्वांत उपयोगी पडतो. प्रथम चकती व सेन्सर यांच्यातील अंतर पाहावे. ते साधारण एक ते तीन मिलिमीटर असावे. एक्सलचे बेअरिंग झिजले की चकती डुलते, कधी सेन्सरला घासते तर कधी दूर जाते. मग मोटार काही वेळ साथ देते आणि काही वेळ देत नाही. नुसता सेन्सर बदलून हा दोष जात नाही, बेअरिंगचेच काम करावे लागते.

दुसरी गोष्ट, चकतीची बाजू. सेन्सरला पेडल पुढे फिरते की मागे हे ओळखावे लागते, कारण मागे पेडल फिरवल्यावर मोटार सुरू होता कामा नये. एक्सलचे काम करताना चकती काढली आणि परत बसवताना उलटी बसली, तर कंट्रोलरला वाटते की माणूस मागे पेडल मारीत आहे. मग कितीही पेडल मारले तरी मोटार उठत नाही. चकतीवर बाण असल्यास तो पेडलच्या पुढच्या दिशेला असावा. "एक्सल बदलल्यापासून मोटार बंद आहे" असे गिऱ्हाईक सांगत असेल, तर सर्वप्रथम इथेच पाहावे.

तिसरी गोष्ट, चिखल आणि लोखंडाचा कीस. चुंबकाला कीस चिकटतो. कोरड्या कापडाने चकती पुसावी. एखादे चुंबक निखळलेले आहे काय तेही पाहावे.

एवढे करूनही साथ मिळाली नाही, तर मल्टीमीटर घ्यावा. सेन्सरला बहुधा तीन वायरी असतात. एक ५ व्होल्टची, बहुतेक वेळा लाल. एक काळी, म्हणजे ऋण. तिसरी ठोक्यांचा निरोप नेणारी. सायकल सुरू ठेवून, कनेक्टर जोडलेला असताना त्याच्या मागच्या बाजूने मीटरची टोके लावावीत. लाल व काळीमध्ये सुमारे ५ व्होल्ट दिसले पाहिजेत. नंतर काळी व निरोपाची वायर यांवर मीटर ठेवून पेडल अगदी हळू फिरवावे. आकडा शून्याजवळून वर, पुन्हा खाली असा खेळला पाहिजे. ५ व्होल्ट मिळत आहेत, चकती ठीक आहे, तरीही आकडा एकाच जागी खिळून आहे, तर सेन्सर निकामी झाला असे समजावे. आकडा बरोबर खेळत आहे, तरीही मोटार उठत नाही, तर सेन्सरपासून कंट्रोलरपर्यंतची वायर पाहावी आणि तीही ठीक असेल तर कंट्रोलरवर संशय घ्यावा.

लाल व काळीमध्ये ५ व्होल्टच मिळत नसतील तर घाईने कंट्रोलरला दोष देऊ नये. हाच ५ व्होल्टचा पुरवठा थ्रॉटल आणि मोटारीतील हॉल सेन्सर यांनाही जातो. त्यांपैकी एकात शॉर्ट झाला तर सर्वांचाच पुरवठा बसतो. म्हणून सायकल बंद करून एकेक कनेक्टर सोडवावा, पुन्हा सुरू करून मोजावे. ज्याला सोडवताच ५ व्होल्ट परत येतात, तोच दोषी.

एक सूचना. काही महाग सायकलींत फिरण्याऐवजी पायाचा जोर मोजणारा सेन्सर असतो. अशी सायकल स्टँडवर उचलून हाताने पेडल फिरवले, तर जोर न लागल्यामुळे मोटार उठणार नाही. तो दोष नव्हे. तसेच ती सुरू करताना पेडलवर पाय ठेवू नये. तो जोरच शून्य धरला गेला, तर पुढचा हिशेब चुकतो. मोटार पेडलजवळ असलेल्या सायकलींत मागच्या चाकाच्या तारेवर एक छोटे चुंबक असते. ते सरकले की वेग कळेनासा होतो आणि साथ तुटते. ते सेन्सरसमोर आणून घट्ट करावे.

थ्रॉटलनेही चाक फिरत नसेल तर

प्रथम बॅटरी. ३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीत दहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. पूर्ण भरल्यावर ती सुमारे ४२ व्होल्ट दाखवते आणि ३०-३१ व्होल्टच्या आसपास कंट्रोलर पुरवठा तोडतो. नुसता रिकामा व्होल्टेज पाहून समाधान मानू नये. मीटर लावून ठेवावा आणि मोटारीवर भार येऊ द्यावा. भार येताच ३९ वरून आकडा ३० पर्यंत कोसळला, तर एक तर सेल दमले आहेत किंवा वाटेत जोडणी खराब आहे.

खराब जोडणी काय करते, याचा हिशेब पाहा. २५० वॅटच्या मोटारीला ३६ व्होल्टवर सुमारे ७ अँपिअर करंट लागतो. बॅटरीच्या टोकाला गंज चढून अर्धा ओहम रोध निर्माण झाला, तर तिथेच साडेतीन व्होल्ट खर्ची पडतात आणि सुमारे २५ वॅटची उष्णता तयार होते. म्हणजे बॅटरीच्या कनेक्टरवर एक छोटे सोल्डरिंग आयर्न सतत पेटलेले असल्यासारखे झाले. प्लॅस्टिक काळे पडणे, पितळी पात वाकडी होणे ही त्याची खूण. अशी टोके नुसती घासून भागत नाही, ती बदलावी लागतात.

दुसरी पायरी मोटारीची. वायंडिंग करणाऱ्या कारागिराला तीन फेज नवीन नाहीत. या सायकलीची मोटारही तीन फेजचीच असते, मात्र तिच्यात ब्रश नसून कायम चुंबके असतात. तिच्या तीन जाड वायरी बहुधा पिवळी, हिरवी व निळी असतात. वायंडिंगचा रोध एक ओहमपेक्षाही फार कमी असतो. त्यामुळे साध्या मीटरने तीन जोड्यांतील फरक कळणे कठीण. त्याऐवजी पुढील युक्ती करावी.

बॅटरी काढून घ्यावी. तिन्ही जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवाव्यात आणि चाक हाताने फिरवावे. ते मोकळे फिरले पाहिजे. मग दोन-दोन वायरींची टोके एकमेकांना जोडून चाक फिरवावे. तिन्ही जोड्यांत सारखाच अडसर जाणवला तर वायंडिंग ठीक आहे. एखाद्या जोडीत अडसर नसेल तर तिथे वायर तुटली आहे. काहीच न जोडता चाक अडखळत असेल तर मोटारीत शॉर्ट आहे. चाक सोडवल्यावर मोकळे फिरते, पण कंट्रोलरला जोडताच, बॅटरी काढलेली असतानाही, जड होते, तर कंट्रोलर जळला आहे. हबमध्ये गिअर असलेल्या मोटारींत ही चाचणी चाक उलटे फिरवून करावी, कारण सुलटे फिरताना आतला क्लच मोटारीला मोकळे सोडतो.

मोटारीतून घरघर ऐकू येते, पण चाक फिरत नाही, असे असेल तर नायलॉनच्या गिअरचे दाते गेले आहेत किंवा क्लच घसरत आहे. चाक धक्के खात असेल तर एखादी फेज किंवा हॉल सेन्सर तुटला आहे. हॉलच्या तीन बारीक वायरी काळीशी एकेक करून मोजाव्यात. सायकल सुरू ठेवून चाक हळू फिरवले असता प्रत्येकीवर शून्य आणि सुमारे ५ व्होल्ट आलटून पालटून दिसले पाहिजेत. गिअरच्या मोटारीत इथेही चाक उलटे फिरवावे. चाकाच्या एक्सलमधून वायरी बाहेर येतात ती जागा विशेष पाहावी. सायकल त्या बाजूला पडली की तिथेच वायर चिरडते.

कोकणचा पाऊस

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. इथल्या सायकलीचा मोठा शत्रू पाणी आहे. कनेक्टर उघडला की आतल्या पिना हिरवट किंवा पांढरट झाल्या आहेत काय ते पाहावे. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, पूर्ण वाळवून मगच जोडावे. वायरी कंट्रोलरमध्ये शिरण्यापूर्वी त्यांना खाली झुकणारा झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलातून ठिबकते, आत जात नाही. सायकल पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊ नये, हे गिऱ्हाईकालाही सांगावे.

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पुराखाली गेले, तेव्हा घरांबरोबर दुकाने आणि वाहनेही बुडाली. तशा पुरात बुडालेली लिथियम बॅटरी बाहेरून वाळली तरी आतून वाळलेली नसते. ती चार्जिंगला लावल्यास पेट घेऊ शकते. अशी बॅटरी घराबाहेर, जळाऊ वस्तूंपासून दूर ठेवावी आणि कंपनीच्या केंद्राकडे सोपवावी. बॅटरीचा पॅक स्वतः उघडून सेल बदलण्याचे धाडस, त्या कामाचे रीतसर शिक्षण घेतल्याशिवाय, कोणीही करू नये.

कायदा आणि व्यवहार

मोटार २५० वॅटपेक्षा कमी आणि साथ ताशी २५ किलोमीटरपर्यंतच असेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार अशा सायकलीला मोटार वाहन मानले जात नाही. तिला नोंदणी व परवाना लागत नाही. "मर्यादा काढून टाका, वेग वाढवून द्या" असा आग्रह काही तरुण गिऱ्हाईके धरतात. तसे केले की ती सायकल कायद्याने मोटार वाहन ठरू शकते. अपघात झाला तर विमा नाही, परवाना नाही आणि बदल करणारा कारागीरही अडचणीत. थोड्या पैशांसाठी हे काम पत्करू नये.

शेवटी दोन शब्द धंद्याविषयी. या दुरुस्तीत भागापेक्षा शोधाची किंमत अधिक आहे. म्हणून तपासणीची वेगळी मजुरी आधीच ठरवून सांगावी. ती सांगितली नाही, तर मजुरी काढण्यासाठी नको तो भाग बदलण्याचा मोह होतो. गिऱ्हाईकाने ठेवून गेलेली सायकल ही आपल्याकडे अमानत आहे. बदललेला जुना भाग त्याच्या हाती द्यावा आणि मीटरवर काय आढळले ते वहीत लिहून ठेवावे. सायकल वॉरंटीत असेल तर सील तोडण्यापूर्वी त्याला तशी कल्पना द्यावी.

लोट्यात काय किंवा खेड-चिपळुणात काय, एक्सल जाणणारा आणि तीन फेज जाणणारा असे दोन्ही कारागीर थोड्याच अंतरावर सापडतात. दोघांनी मिळून एक मल्टीमीटर आणि एक स्टँड ठेवला, तरी हे काम गावातच होऊ शकते. मोटार जळली म्हणून आलेली सायकल उलटी बसलेली चकती सरळ करून परत गेली, तर ते गिऱ्हाईक पुढची दहा गिऱ्हाईके घेऊन येईल.